सपोर्टची मुदत बिलावर छापा

‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारे अपडेट आणि मदत, थांबल्याने छोट्या व्यावसायिकांची कशी अडचण झाली, हे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. अडचण खरी आहे, पण १४ ऑक्टोबर २०२५ ही अखेरची तारीख मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच जाहीर केली होती. ग्राहकाला जास्त त्रास होतो तो काहीच लेखी न देणाऱ्यांचा.

माझे किराणा दुकान आहे. बिलिंगच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क भरलेले असताना ते १८ तारखेला बंद पडले. जीएसटीचे ‘३-बी’ विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे होते. तक्रार क्रमांक लगेच मिळाला, ‘संगणक बंद करून पुन्हा चालू करा’ हा सल्ला तीनदा मिळाला. जाणकार माणूस फोनवर आला तो चौथ्या दिवशी. विलंब शुल्क मीच भरले.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचे असते. हातात दोनच दिवस असलेल्या दुकानदाराला तो महिना काय कामाचा? सपोर्ट किती वर्षे मिळेल, काम अडल्यास किती तासांत माणूस बोलेल आणि तो मराठीत बोलेल का, एवढे विक्रीच्या बिलावरच छापणे सक्तीचे करावे. लहान कंपन्यांना चोवीस तास माणसे ठेवणे परवडणार नाही, हे मान्य. मग त्यांनी दोन दिवस लिहावेत. आम्ही त्या हिशेबाने खरेदी करू. साध्या मिक्सरच्या वॉरंटी कार्डावरही मुदत छापलेली असते.

– एक किराणा दुकानदार, सांगली