चिकनचा फ्लेवर आणि ८०० मिलिग्रॅम : मांजरांच्या कॅल्शियम पावडरीबद्दल तक्रार

हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कॅल्शियम पावडरीत न कळवता केलेला बदल आणि डब्यावरचा चुकीचा आकडा

महोदय,

गेलं दीड वर्ष मी तुमची मांजरांसाठीची कॅल्शियम पावडर मागवते आहे. आजवर सहा डबे झाले. पहिल्या पाचांबद्दल काहीच तक्रार नाही. उलट दापोलीत दोघातिघांना मीच तुमची पावडर सुचवली, म्हणून सहाव्या डब्याचा मनस्ताप जास्त झाला.

आमची भुरी चार वर्षांची, वजन ३ किलो ६०० ग्रॅम. पिल्लू असताना बंदरावर जाळ्यांच्या ढिगात सापडली. इथलं मांजर मासळीवरच वाढतं, तशी तीही वाढली. पोट अधूनमधून बिघडायचं, पण आम्ही ते मनावर घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद होती. घरात मासळी नाही म्हणून तिला रोज चिकन घालायला लागलो आणि थोड्याच दिवसांत तिने कानामागचं कातडं ओरबाडून काढलं. मानेवरून हात फिरवला की केसांत रवा सांडल्यासारख्या बारीक खपल्या हाताला लागायच्या. पिसवांचं औषध झालं, मलमं झाली. शेवटी डॉक्टरांनी खाणंच बदलायला लावलं. आठ आठवडे फक्त बोकडाचं मटण, कारण ते तिने आधी कधी खाल्लं नव्हतं. दुसरा घास नाही, दुधाचा थेंबही नाही.

मासळीच्या गावात हे आठ आठवडे कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. खिडक्यांना जाळी मारली. शेजारच्या पोरांना बजावून ठेवलं. आम्ही जेवायला बसलो की तिला आतल्या खोलीत कोंडायचं आणि तिने दारामागे रडायचं. सहाव्या आठवड्यात खपल्या गेल्या. मग खात्री करायला डॉक्टरांनी एकेक जिन्नस परत देऊन पाहिला. चिकन दिलं, चौथ्या दिवशी कान लाल. ते बरे झाल्यावर बांगडा दिला, तिसऱ्या दिवशी जुलाब. तेव्हापासून मटण एके मटण.

पण नुसत्या मटणावर मांजराला ठेवता येत नाही. हाड काढलेल्या मांसात कॅल्शियम नावापुरतं असतं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीसपट. मांजराला हे दोन्ही जवळपास बरोबरीने, कॅल्शियम किंचित जास्त, असे लागतात. खाण्यातून मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेतं आणि हाडं इतकी पातळ होतात की साध्या उडीने मोडतात. शिजवलेलं हाड घालावं तर त्याच्या कपच्या घशात नाहीतर आतड्यात टोचतात. अंड्याच्या कवचाची पूड करू का, असं मी विचारलं होतं. चिकन न सोसणाऱ्या मांजराला कोंबडीच्या अंड्याचंही काही नको, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या आजींनी खाण्याचा चुना सुचवला, तो तर तोंड पोळवणारा. राहिलं साधं कॅल्शियम कार्बोनेट, आणि तुमच्या डब्यात नेमकं तेच होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं आहे : दिवसाला १५० ग्रॅम मटण, त्यात ३२० मिलिग्रॅम कॅल्शियम, शिवाय टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल) आणि जीवनसत्त्वं वेगळी. तुमच्या जुन्या डब्यावर ‘एका चमच्यात कॅल्शियम कार्बोनेट ८०० मिलिग्रॅम’ असं स्वच्छ छापलेलं असायचं. कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ८०० मध्ये ३२०. एक सपाट चमचा, हिशोब चोख.

सहावा डबा आला तो त्याच नावाचा, त्याच रंगाचा. झाकण उघडताच भुरी ओट्यावर चढून डब्याला गाल घासायला लागली. आधीच्या पावडरीला खडूसारखा वास होता, तिकडे ती ढुंकूनही बघत नसे. मला वाटलं, भूक लागली असेल. तिथेच माझं चुकलं, हे मला अजून टोचतं. पाचव्या दिवशी कानामागे रक्त, आठव्या दिवशी मानेवर पुन्हा खपल्या. खाण्यात तुमच्या नव्या डब्याशिवाय काहीही बदललेलं नव्हतं.

भिंग घेऊन डबा वाचला तेव्हा मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत ‘फ्लेवर’ आणि ‘व्हिटॅमिन डी३’ हे शब्द सापडले. फ्लेवर कशाचा, डी३ किती, काही नाही. तुमच्याकडे तीनदा फोन केला. पहिल्यांदा मला सांगितलं, ‘ताई, सगळ्या मांजरांना आवडतो.’ तिसऱ्यांदा कळलं की तो कोंबडीच्या काळजापासून केलेला आहे. पूर्वी एकच जिन्नस असलेल्या डब्यात तुम्ही कोंबडी घातलीत आणि डब्यावर कोंबडी हा शब्दही नाही. ज्यांच्या मांजरांना बाजारचं खाणं सोसत नाही, तीच माणसं घरी शिजवतात आणि तीच असली पावडर विकत घेतात. मांजरांना ज्या पदार्थांचा त्रास सर्वांत जास्त आढळतो, त्यांत गोमांस आणि मासळीच्या जोडीला चिकन आहे. हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

आता आकड्याचं. नव्या डब्यावर ‘एका चमच्यात कॅल्शियम ८०० मिलिग्रॅम’ असं आहे. ‘कार्बोनेट’ हा शब्द गळला आहे. मी तुमचा चमचा आमच्या बाजारपेठेतल्या सोनारांकडे नेला आणि त्यांनी काट्यावर सपाट चमचा भरून तोलला. पावडर भरली १ ग्रॅम. ती सगळीच्या सगळी कार्बोनेट धरली तरी कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या वर जात नाही. म्हणजे छापलेला आकडा होऊच शकत नाही. तुमच्या आकड्यावर विसंबून एखाद्याने चमचा अर्ध्याहून कमी केला, तर त्याच्या मांजराला महिनोन्‌महिने कॅल्शियम कमी पडेल आणि कळेल ते हाड मोडल्यावर. डी३ चंही तसंच. मांजराला ते खाण्यातूनच मिळावं लागतं, पण प्रमाणाबाहेर गेलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं खराब होतात. प्रमाण न छापता ते डब्यात घालणं मला धोक्याचं वाटतं.

माझं म्हणणं असं. या खेपेचे डबे ज्यांनी घेतले त्या सगळ्यांना आत कोंबडीचा अंश आहे हे आठ दिवसांत कळवा. तुमच्याकडे प्रत्येकाचा फोन नंबर आहे. डब्यावर प्रत्येक जिन्नस, तो कोणत्या प्राण्याचा, प्रत्यक्ष कॅल्शियम किती आणि डी३ किती, हे वाचता येईल अशा अक्षरांत छापा. फ्लेवर नसलेली जुनी पावडर वेगळी विकत राहा, आम्हाला तीच हवी आहे. डब्याचे ४२० रुपये आणि डॉक्टरांचे ९५० रुपये मला परत मिळावेत, पण पहिली मागणी मला पैशांहून मोठी आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

भुरीला सध्या डॉक्टरांनी औषधाच्या दुकानातलं बिनवासाचं कार्बोनेट मोजून पुड्या बांधून दिलं आहे. कान सुकत आलेत, मानेवरचे केस अजून आलेले नाहीत. सोबत पावती, दोन्ही डब्यांचे सर्व बाजूंचे फोटो आणि डॉक्टरांचा कागद जोडला आहे. नवा डबा मी बरणीत बंद करून ठेवला आहे. तपासणीसाठी मागितलात तर त्यातला अर्धा पाठवेन, अर्धा माझ्याकडे राहील.

आपली,
सहा डब्यांची ग्राहक