दोन नावांचे घर आणि विभक्त झालेले दोघे : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : विभक्त झालेल्या पती-पत्नींच्या संयुक्त मालकीच्या घराची विक्री, वाटणी आणि हस्तांतरण यांतील अडचणींबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारी, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझ्या आणि माझ्या पूर्वीच्या पतीच्या संयुक्त नावावर गावात एक घर आहे. आमचा घटस्फोट 2016 साली परस्पर संमतीने झाला. घराचा प्रश्न मात्र आजही न्यायालयात आहे, आणि त्यातील ज्या अडचणी आपल्या खात्याच्या अधिकारात दूर होण्यासारख्या आहेत, त्या आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

घर गावठाणात आहे. 2007 साली आम्ही ते नोंदणीकृत खरेदीखताने दोघांच्या नावावर घेतले, तेव्हा तीन खोल्या, पुढे ओसरी आणि वर कवेलू असे त्याचे रूप होते. पुढे दोन खोल्यांवर स्लॅब टाकला आणि अंगणात बोअर घेतली. त्यासाठी मी पगारावर पतसंस्थेचे कर्ज काढले, पतीने त्या वर्षीच्या कापसाचा चुकारा घातला, आणि कमी पडले तेव्हा माझी पोत आणि आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या. सोनाराची पावती त्यांच्या नावाने झाली, कारण दुकानात ते गेले होते. ही पावती पुढे वादाचा विषय होईल असे त्या दिवशी दोघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मधील कलम 45 असे सांगते की, संयुक्त खरेदीत ज्याने जितका पैसा घातला असेल त्या प्रमाणात त्याचा हिस्सा धरावा आणि पुरावा नसेल तर हिस्से समान मानावेत. खेड्यातल्या बाईचा पैसा दागिन्यांतून, बचत गटातून, माहेरच्या मदतीतून येतो आणि त्याचा कागद बहुधा नवऱ्याच्या नावाने होतो, त्यामुळे हे कलम तिच्या बाजूने क्वचितच बोलते. माझा पगार बँकेतून जात होता म्हणून मी निदान निम्म्यावर तरी उभी आहे.

घटस्फोटाच्या तडजोडीत घराबद्दल एकच ओळ आहे : "संयुक्त घराबाबत उभय पक्ष आपसात निर्णय घेतील." आधी घटस्फोट होऊ द्या, घराचे नंतर पाहू, असे आम्हा दोघांनाही सांगण्यात आले होते. त्या वेळी ते आपला हिस्सा मला सोडायला तयार होते. पुढे गावाजवळचा रस्ता रुंद झाला, जागेचे भाव वाढले, त्यांच्या घरची माणसे बोलण्यात आली आणि मन बदलले. मी त्यांचा हिस्सा विकत घेण्याची तयारी दाखवली तेव्हा किंमत पटली नाही. त्यांनी विकण्याचा आग्रह धरला तेव्हा मी नकार दिला. मी होकार दिला आणि गिऱ्हाईक आणले तेव्हा त्यांनी सही केली नाही. चूक एकट्या त्यांची होती असे मी म्हणणार नाही.

2018 साली मी वाटणीचा दावा लावला. 2021 मध्ये दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झाला. प्रत्यक्ष वाटणी करणारा अंतिम हुकूमनामा अद्याप व्हायचा आहे. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकारांना पुन्हा नव्याने अर्ज करायला न लावता न्यायालयाने स्वतःहून अंतिम हुकूमनाम्याकडे जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले आहे. परंतु अंतिम टप्प्याला लागणारी मोजणी आणि मूल्यांकन न्यायालयाच्या दालनात होत नाही, ते आपल्या खात्याच्या तालुका कार्यालयातून येते.

मोजणीची तारीख दोनदा पडली आणि दोनदा मोजणीदार आले नाहीत. एकदा ते अतिवृष्टीच्या कामात गुंतले होते, हे मी समजू शकते. तिसऱ्या वेळी, एप्रिलच्या उन्हात, न्यायालयाने नेमलेले कमिशनर वकील आणि मोजणीदार असे दोघे आले. त्यांच्याबरोबर मदतनीस नव्हता. म्हणून फितीचे एक टोक मी धरले आणि दुसरे टोक माझ्या पूर्वीच्या पतीने. ओसरीपासून मागच्या भिंतीपर्यंत, मग आडवे, मग बोअरपासून संडासापर्यंत आम्ही दोघे ती फीत धरून चालत होतो आणि मोजणीदार आकडे लिहून घेत होते. आठ वर्षांत आम्ही एकमेकांशी समोरासमोर बोललो नव्हतो. "थोडी ताणून धर," एवढेच ते बोलले. शेवटी कमिशनरांनी अहवालात लिहिले की, घराला एकच दार, एकच बोअर आणि एकच संडास असल्याने त्याचे दोन भाग करता येत नाहीत. हे आम्हाला आधीपासूनच ठाऊक होते. ते कागदावर यायला दाव्यानंतर सहा वर्षे लागली.

अशा घराचे काय करावे याचे उत्तर कायद्यात फार पूर्वीपासून आहे. विभाजन अधिनियम, 1893 प्रमाणे मालमत्तेचे सोयीस्कर तुकडे होत नसतील तर निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेल्याच्या विनंतीवरून न्यायालय ती विकून पैसे वाटण्याचा आदेश देऊ शकते, आणि दुसऱ्या हिस्सेदाराला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. याहून न्याय्य तोड मला सुचत नाही. माझी तक्रार कायद्याबद्दल नाही. त्या तोडीपर्यंत पोचण्याच्या वाटेवर शासनाच्या नोंदी, शुल्क आणि मोजणी यांनी जे अडथळे उभे केले आहेत, त्यांच्याबद्दल आहे.

सर्वांत आधी मुद्रांक शुल्काविषयी, कारण ते पूर्णपणे आपल्या हातात आहे. आपल्या राज्यात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडे यांना बक्षीसपत्राने दिल्यास नाममात्र मुद्रांक शुल्क लागते. ही चांगली सवलत आहे. परंतु घटस्फोटाचा हुकूम झाला की ती व्यक्ती पत्नी राहत नाही किंवा पती राहत नाही, आणि त्याच घराचा तोच निम्मा हिस्सा तिला दिला तर पूर्ण शुल्क लागते. हक्कसोडपत्राचा मार्ग घ्यावा तर तेथील सवलत वडिलोपार्जित मालमत्तेपुरती आहे. दोघांनी मिळून विकत घेतलेल्या घराला विक्रीखताप्रमाणेच दर लागतो. म्हणजे 2016 साली, ते हिस्सा सोडायला तयार असताना, आम्ही हुकमाच्या आदल्या दिवशी दुय्यम निबंधकांकडे गेलो असतो तर नाममात्र शुल्कात काम झाले असते. हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. तालुक्याच्या ठिकाणी अर्जनवीसापासून वकिलापर्यंत ज्यांना ज्यांना मी नंतर विचारले, त्यांपैकी बहुतेकांनी यावर आधी विचार केलेला नव्हता. ज्या बाईने घटस्फोटानंतर पोटगीचे पैसे जमवून किंवा बचत गटाचे कर्ज काढून घराचा उरलेला हिस्सा घ्यायचा, तिला त्यावर शुल्काचा भार येतो, आणि मग व्यवहार नोटरीच्या कागदावर उरकला जातो.

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे सार्वजनिक हितासाठी शुल्क कमी करण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. घटस्फोटाच्या किंवा विभक्ततेच्या हुकमानंतर ठराविक मुदतीत, समजा तीन वर्षांत, पूर्वीच्या पती-पत्नींनी आपल्या संयुक्त राहत्या घराचा हिस्सा एकमेकांकडे हस्तांतरित केल्यास पती-पत्नींना मिळते तीच सवलत द्यावी, एवढी माझी पहिली विनंती आहे. यासाठी विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही. अधिसूचना पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट गावठाणातल्या नोंदींची, आणि तिच्याविषयी मला अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण माझ्यापेक्षा गरीब बायांचे नुकसान येथे होते.

शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, जो मुळात कर आकारणीचा उतारा आहे. तरीही गावात घराची मालकी म्हणजे नमुना आठ असेच धरले जाते. त्यावर पत्नीचे नाव लागावे म्हणून महाराष्ट्राने बरेच काही केले आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा आमच्या भागातील शेतकऱ्यांनीही बायकांच्या नावाने जमीन केली, 2003 साली ग्रामविकास विभागाने घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावाने करण्याचे परिपत्रक काढले, आणि प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावाने मंजूर होते. नाव लावताना शासनाने जितकी काळजी घेतली, तितकी नाव काढताना घेतलेली नाही.

माझ्या शेजारच्या गावातील एका बाईचे सांगते. तिला घरकुल मंजूर झाले तेव्हा सपाट भागाचे 1 लाख 20 हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळाले आणि रोजगार हमीतून मजुरीचे दिवस मिळाले. त्या दिवसांत तिने स्वतः रेती चाळली, विटा भिजवल्या, पायाला पाणी मारले. तीन वर्षांनी नवऱ्याने दुसरा संसार मांडला आणि जातीच्या चार माणसांसमोर मुद्रांकावर फारकती, म्हणजे सोडचिठ्ठी झाली. त्या कागदात तिसऱ्या ओळीत लिहिले होते की, घरावर तिचा कोणताही हक्क राहणार नाही. स्थावर मालमत्तेवरील हक्क सोडण्याचा असा कागद नोंदणी अधिनियम, 1908 प्रमाणे नोंदवल्याशिवाय कुचकामी आहे. पण ग्रामपंचायतीत तो चालला, मासिक सभेत ठराव झाला आणि नमुना आठवरून तिचे नाव गेले. ती माझ्याकडे आली तेव्हा पिशवीत घरटॅक्सच्या जुन्या पावत्या होत्या, दोघांच्या नावाच्या, घडीवर फाटलेल्या. "मॅडम, माह्याच घराले मले कुलूप लावलं," एवढेच ती म्हणाली.

तिला मी तालुका विधी सेवा समितीकडे नेले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि मालमत्तेच्या दाव्यात महाराष्ट्राने स्त्रियांना न्यायालयीन शुल्क 1994 पासून माफ केले आहे, हे तिला माहीत नव्हते. दावा लागला आहे. मात्र तिचे नाव एका सभेत गेले आणि ते परत यायला किती वर्षे लागतील ते मी माझ्या अनुभवावरून जाणते.

स्वामित्व योजनेची घोषणा 24 एप्रिल 2020 रोजी झाली आणि त्यानंतर ड्रोनने गावठाणांचे भूमापन होऊन घराघराला मालमत्ता पत्रक आणि सनद देण्याचे काम आपल्या भूमी अभिलेख विभागाने हाती घेतले. गावठाणातल्या बहुतेक घरांना प्रथमच असा कागद मिळत आहे आणि तो बनताना नमुना आठवरची नावे पाहिली जातात. म्हणून आजच सांगणे आवश्यक वाटते की, ज्या घराच्या नोंदीवरून गेल्या काही वर्षांत पत्नीचे नाव कमी झाले असेल, तेथे ते नाव नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने कमी झाले का, हे सनद देण्यापूर्वी तपासावे, आणि तसे नसेल तर दोघांना लेखी नोटीस देऊन चौकशी करावी. पुढेही संयुक्त नोंदीतील पती किंवा पत्नीचे नाव केवळ नोटरीच्या कागदावर किंवा फारकतीवर कमी करू नये, असे स्पष्ट निर्देश द्यावेत. ग्रामपंचायत ग्रामविकास खात्याकडे येते, याची मला कल्पना आहे. या पत्राची प्रत त्या खात्याच्या मंत्र्यांनाही पाठवत आहे.

मोजणीबद्दल वर लिहिलेच आहे. न्यायालयाने आदेश दिलेल्या राहत्या घराच्या मोजणीला मुदत घालून द्यावी; आदेश मिळाल्यापासून तीस दिवस मला रास्त वाटतात.

घटस्फोटाच्या वेळीच घराचा निकाल लागावा, हे खरे तर सर्वांत चांगले. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, 1984 प्रमाणे पती-पत्नींच्या मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालयापुढे चालतो, आणि घटस्फोटानंतरही तो तेथे चालू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये मान्य केले आहे. आमच्यासारख्या तालुक्यात ते न्यायालय नाही, म्हणून संसाराचा वाद एका दालनात आणि घराचा दुसऱ्या दालनात असे चालते. हा विषय आपल्या खात्याचा नाही, तरी मंत्रिमंडळात आपण तो मांडावा असे वाटते. लग्नानंतर उभ्या राहिलेल्या मालमत्तेत पत्नीला वाटा देणारे विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेने 2013 मध्ये संमत केले होते, ते लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून पती-पत्नींच्या संयुक्त मालमत्तेची पद्धत आहे.

माझ्या पूर्वीच्या पतीबद्दलही लिहिणे मला उचित वाटते. ते पुण्याला मुलाजवळ एका खोलीच्या भाड्याच्या घरात राहतात. त्यांचेही आयुष्यभराचे पैसे याच भिंतींत अडकले आहेत. हे पत्र मी त्यांना वाचून दाखवले आणि शुल्काच्या मागणीवर ते म्हणाले की, तेव्हा ही सवलत असती तर आपण कोर्टात गेलोच नसतो.

गेल्या पावसाळ्यात ओसरीवरचे कवेलू खाली आले. घरावर दुरुस्तीचे कर्ज काढायचे तर दोघांच्या सह्या लागतात आणि दावा चालू असताना बँक कर्ज देत नाही, म्हणून सध्या मी त्यावर टिनाचे पत्रे टाकले आहेत. हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल तेव्हा खरेदीखत, हुकूमनामा, कमिशनरांचा अहवाल आणि त्या बाईच्या घरटॅक्सच्या पावत्या घेऊन मी यायला तयार आहे. दहा मिनिटांची वेळ द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
जिल्हा यवतमाळ