आईची साखर, बाबांचा फोन

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, आईसाठी साखर मोजायचं मीटर घ्यायचं ठरलं, आता फोनवर कुठलं अ‍ॅप घालायचं असं तुम्ही विचारलंत. फोनवर सांगताना पायऱ्या निसटतात, म्हणून लिहूनच पाठवते. अ‍ॅप साखर मोजत नाही, मोजतं ते मीटर. अ‍ॅपचं काम चांगल्या कारकुनाचं: आकडा, वेळ आणि त्याआधी पोटात काय गेलं, हे एका ओळीत लावून ठेवायचं. यातलं एक सुटलं तरी बाकीचं फुकट. 168 उपाशीपोटी आले तर डॉक्टर गोळ्यांकडे पुन्हा बघतील, जेवणानंतर दोन तासांनी आले तर मान डोलावतील. आकडा तोच.

प्ले स्टोअरवर ‘बोट कॅमेऱ्यावर ठेवा, साखर समजेल’ म्हणणारी अ‍ॅप्स दिसतील. ती सरळ काढून टाका. कॅमेऱ्याच्या उजेडात नाडीचे ठोके खरंच मोजता येतात, म्हणून लोक फसतात. साखर तशी दिसत नाही. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर इशारा दिला होता. शेजारच्यांनी घेतलेलं घड्याळ कितीही आकडे दाखवो, त्यावरून गोळी कमी-जास्त करायची नाही.

मीटर ब्लूटूथचंच घ्या. अ‍ॅक्यु-चेक इन्स्टंट चालेल, पण खोक्यावर ब्लूटूथची खूण बघून. ‘इन्स्टंट एस’ दिसायला तसंच असतं, त्यात ब्लूटूथ नाही. त्याच्याबरोबर मायशुगर हे अ‍ॅप चालतं. खातं उघडताना ई-मेल तुमचाच द्या आणि पासवर्ड वहीत लिहा, कारण फोन बदलला की खात्याशिवाय जुने आकडे परत मिळत नाहीत. एकक विचारेल तिथे एमजी/डीएल निवडा. चुकून दुसरं निवडलंत तर 168 च्या जागी 9.3 दिसेल. इथे कॅनडात डॉक्टर त्याच भाषेत बोलतात, पण आपल्याकडे कुणीतरी त्याला एचबीएवनसी (लॅबमधला तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्का) समजून घाबरायचं. 18 ने गुणलं की आपला आकडा मिळतो.

जोडणी अ‍ॅपच्या आतून करायची, फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून नाही. मीटर बंद असताना त्याचं बटण ब्लूटूथची खूण लुकलुकेपर्यंत दाबून धरा. अ‍ॅप सहा आकडी पिन मागेल, तो मीटरच्या पाठीवर छापलेला असतो. फोन ‘निअरबाय डिव्हायसेस’ची परवानगी विचारेल, ती द्या. जुन्या फोनवर तीच लोकेशनच्या नावाने मागतात. मात्र अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले तर ‘नको’ दाबा, साखरेचा आणि मावशीच्या नंबरचा काही संबंध नाही. पुढे कधी आकडे येईनासे झाले तर फोनच्या यादीतून मीटर ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

आता मोजण्याबद्दल, कारण खरी गडबड इथेच होते. आई, हात साबणाने धू आणि पूर्ण कोरडे कर. आंबा चिरल्यावर नुसतं पदराला हात पुसून टोचलंस तर बोटावरचा रसच मोजला जाईल आणि आकडा भलताच वर जाईल. ओल्या हाताने रक्त पातळ होऊन तो खोटा खाली येतो. सुई बोटाच्या मधोमध टोचू नकोस, कडेला टोच, तिथे कमी दुखतं. बोट पिळायचं नाही. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून अर्धा मिनिट थांब. ज्यावर थेंब घेतो त्या पट्ट्यांची डबी ओट्याजवळ नको, फ्रिजमध्येही नको. कपाटात, 30 अंशांच्या आत राहील अशी ठेव आणि पट्टी काढली की झाकण लगेच लाव. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या आठवड्यात बिघडतात आणि अ‍ॅप तो बिघडलेला आकडाही इमानदारीने लिहून ठेवतं.

लॅबचा आकडा आणि मीटरचा आकडा जुळत नाही म्हणून वाद घालू नका. मीटरला 15 टक्क्यांची मुभा असते. लॅबमध्ये 200 आले तर घरी 170 ते 230 मधलं काहीही चालेल. 200 ला 290 दाखवायला लागलं तर मात्र आधी पट्ट्यांची तारीख बघा.

रोज सकाळी उपाशीपोटी एकदा मोजायचं, ही सवय सोडा. त्यातून रोज जवळजवळ तीच माहिती मिळते आणि पट्ट्या संपतात. जोडीने मोजा: एकाच जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसऱ्यांदा. सोमवारी नाश्ता, बुधवारी दुपारचं जेवण, शनिवारी रात्रीचं. आठवड्याला सहा पट्ट्या लागतात, 50 ची डबी आठ आठवडे पुरते. दोन तास घास संपल्यापासून मोजायचे नाहीत. आई वाढते, मग जेवते, मग झाकपाक करते, तेवढ्यात अर्धा तास जातो. पहिला घास घेताना बाबांनी फोनवर दोन तासांचा टायमर लावावा. अ‍ॅपमध्ये प्रत्येक आकड्यावर ‘जेवणाआधी’ किंवा ‘जेवणानंतर’ ही खूण करायला विसरू नका आणि खाली दोन शब्द लिहा: ‘दीड भाकरी, पिठलं’. ताटाचा फोटो काढलात तर त्याहून बरं. जेवणाआधी 118 आणि नंतर 214, म्हणजे ताटात काहीतरी जास्त झालं. जेवणाआधीच 180 आणि नंतर 215, तर ताटाला बोल लावण्यात अर्थ नाही, गोष्ट डॉक्टरांकडे न्यायची.

जेवण मोजणाऱ्या अ‍ॅपबद्दल माझं मत फारसं बरं नाही. त्यांत ‘1 भाकरी’ लिहिलेलं असतं, पण ती कुणाची भाकरी? आई, एकदाच कर: चार भाकऱ्यांचं कोरडं पीठ वजनकाट्यावर तोल आणि चाराने भाग. पन्नास ग्रॅम आलं तर एका ज्वारीच्या भाकरीत सुमारे 34 ग्रॅम कर्बोदकं. पंचवीस ग्रॅम कणकेच्या फुलक्यात 16. म्हणजे एक भाकरी दोन फुलक्यांच्या बरोबरीची. ‘भाकरी साखरेला चालते’ म्हणून तीन खाल्ल्या की सहा फुलके झाले. भाकरी चांगलीच, पण मोजून. साबुदाण्याचं तर बघायलाच नको: कोरडा 60 ग्रॅम भिजवलास तर 50 ग्रॅमहून जास्त कर्बोदकं, आणि तंतू जवळजवळ नाहीत.

आता गोळ्यांच्या आठवणीकडे येते. अ‍ॅपमध्ये गजर लावता येतो, पण बरेच फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅपला झोपवतात आणि गजर वाजतच नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग हे अ‍ॅप, मग बॅटरी, तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ही वेगळं सुरू करावं लागतं. गोळी गिळल्यावरच ‘घेतली’ दाबायचं. आधी दाबून मग पाणी आणायला गेलं की गोळी ताटाशेजारीच राहते आणि नोंद मात्र शंभर टक्के दिसते.

आणि अ‍ॅपला एकादशी कळत नाही. आईच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. उपवासाच्या दिवशी गजर नेहमीसारखाच वाजेल, गोळी जाईल आणि दुपारी हात थरथरायला लागतील. त्या दिवशी किती आणि केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारा आणि त्यांनी सांगितलेलंच अ‍ॅपच्या टिपणात लिहून ठेवा. घाम, थरथर, चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर लगेच मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. मग थोडं खायला द्या. मीटर सापडत नसेल तर शोधत बसू नका, साखर आधी. पेढा-बर्फी नको, तुपामुळे साखर हळू चढते. आई शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108 ला फोन करायचा.

अ‍ॅप ‘अंदाजे एचबीएवनसी’ दाखवतं, त्यावर खूश होऊ नका. तुम्ही ज्या वेळी मोजलंत त्याच वेळांवरून ते हिशेब करतं. फक्त चांगल्या दिवशी मोजलं की उत्तरही चांगलंच येणार. लॅबमधली तपासणी दर तीन महिन्यांनी करायचीच. तिचे 7 टक्के म्हणजे सरासरी साधारण 154. आईचं हिमोग्लोबिन कमी असेल तर तोही आकडा फसवा निघू शकतो, म्हणून दोन्ही रिपोर्ट एकत्र न्या.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी बाबांनी अ‍ॅपमधून चौदा दिवसांची पीडीएफ काढावी आणि तिची छापील प्रत न्यावी. तपासणीच्या खोलीत फोन वर-खाली सरकवायला कुणाला वेळ नसतो. आणि बाबा, तुमची वही बंद करू नका. फोन पाण्यात पडतो, वही पडत नाही.

पैशांचं एकच: ‘सात दिवस मोफत’ म्हणून यूपीआय ऑटोपे मागितलं तर देऊ नका. चुकून दिलंत तर यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द करा. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने पैसे कापणं थांबत नाही.

फोनच्या कॅमेऱ्याचा एक उपयोग मात्र खरा आहे. महिन्यातून एकदा आईच्या दोन्ही तळपायांचे आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांचे उजेडात फोटो काढा आणि मागच्या महिन्याच्या फोटोंशेजारी ठेवून बघा. साखरेने पायाची जाणीव कमी झाली की जखम दुखत नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

शनिवारी व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा जोडणी सोबत करू. मीटर, पट्ट्या आणि बाबांचा जवळचा चष्मा हाताशी ठेवा. पिनचे आकडे फार बारीक छापलेले असतात.

तुमची लेक