सरांच्या बाराव्या रुमालासाठी, ताई, तुमचे आभार

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई लिहिते. पण हे आभार फोनवर मानून माझं भागेना. चारचौघांत मानायचे होते.

आमच्या अंबाजोगाईच्या वाचनालयात सरांच्या घरून अकरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली बासनं, आले. पोथ्या, मोडी पत्रं, वंशावळींच्या वह्या. दाखल नोंदवहीत मी क्रमांक टाकले, शेऱ्याच्या रकान्यात सरांच्या वेबसाइटचा पत्ता लिहिला आणि देणगी पूर्ण झाली असं समजले. सरांच्या पत्नी, काकू, मात्र दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, कागद नेलेत, बरं झालं. पण रात्र रात्र जागून कॉम्प्युटरात लिहायचे, ते कसं नेणार?" मला उत्तर देता आलं नाही. त्या मोडी पत्रांचं सरांनी केलेलं बाळबोध लिप्यंतर कागदावर कुठेच नव्हतं.

तुम्हाला मी फोन केला तो एका पत्रातल्या ‘छ’ लागलेल्या, म्हणजे मुसलमानी चांद्र महिन्यातल्या, तारखेसाठी. बोलता बोलता वेबसाइटचा विषय निघाला आणि तुम्ही विचारलंत, "त्या पत्त्याचं भाडं कोण भरतं?" सर भरायचे. सर तर गेले होते. मुदत संपायला सात आठवडे उरले होते.

तुम्ही दोन रविवार एसटीने आलात. पहिल्या रविवारी अर्धा दिवस तुम्ही संगणकाला हातही लावला नाहीत, काकूंजवळ बसलात. दानपत्रात वेबसाइटचा शब्दही नव्हता. कागद वाचनालयात आले तरी मजकुराचा हक्क वारसांचाच, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, हे तुम्ही त्यांना नीट समजावलंत. वेबसाइट जतन करायच्या परवानगीवर त्यांनी आनंदाने सही केली, फक्त वंशावळीतल्या हयात माणसांची पानं सध्या कुणाला दाखवू नका म्हणाल्या. ती अट तुम्ही त्यांच्याच शब्दांत नोंदीत घेतलीत.

मला वाटायचं, इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबसाइटींच्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या संग्रहात, सगळं आपोआप साठतं. तिथे मुखपृष्ठ आणि थोडी पानं होती, पोथ्यांची मोठी छायाचित्रं नव्हती. आणि गावाचं नाव टाकून पत्र शोधायची सरांची सोय तर मुकीच झाली होती. ते यंत्र दुव्यावरून दुव्यावर चालत जातं. नाव टाइप केल्यावर जे पान तयार होतं, तिथवर त्याला वाट नसते. मग सरांच्या वहीतून मी गावं वाचत गेले, धारूर, केज, परळी, रेणापूर, आणि तुम्ही एकेक टाइप करून उघडलेलं पान ब्राउझरमध्येच नोंदवत गेलात. संध्याकाळपर्यंत १४० गावं झाली. सरांनी प्रत्येक पत्राखाली "हा शब्द लागत नाही" किंवा "काकांना विचारणे" असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. तुम्ही दोनदा थांबून ते मोठ्यानं वाचलंत. ते मी विसरणार नाही.

जुनी पानं शिवाजी फॉन्टमधली. तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. सगळं युनिकोडमध्ये करून मूळ टाकून द्यावं असं मी म्हणाले, तर तुम्ही विचारलंत, "पोथीतलं शुद्धलेखन आपण सुधारतो का?" आता मूळ पानं आणि तो फॉन्ट एकत्र आहेत, शोधासाठी युनिकोड प्रत वेगळी आहे.

तालिकेत वेबसाइटला सरांच्याच संग्रहातला बारावा रुमाल म्हणून जागा मिळाली. त्या वेळचा पत्ता, जतन केल्याची तारीख, सोबत वॉर्क फाइल (जतन केलेली वेबपानं एकत्र साठवायची फाइल), जिच्या साच्याला २००९ पासून आयएसओ २८५०० हे मानक आहे. शिवाय चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा. फाइलमधलं एक अक्षर हललं तरी तो जुळत नाही, दर सहा महिन्यांनी मी तो ताडून पाहते. दुसऱ्याच कुठल्या साइटवर ठेवलेलं सरांच्या आवाजातलं एक पठण आधीच नाहीसं झालं होतं. तिथे काय लिहू विचारलं तर तुम्ही म्हणालात, "पोथीचं पान हरवलं तर काय लिहिता? त्रुटित." तोच शब्द लिहिला.

वेबसाइट हस्तलिखितांत कशी, असं कार्यकारिणीत एकांनी विचारलं. मी म्हणाले, आपल्याच गावात संतकवी दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब पासोडीवर पंचीकरण हा ग्रंथ लिहिला. कापड आहे म्हणून पोथ्यांच्या पंगतीतून त्याला कुणी उठवलं नाही. पुढे कुणी काही बोललं नाही.

तो पत्ता आता बंद पडला आहे. गेल्या आठवड्यात केजचा एक विद्यार्थी आपल्या गावाचं पत्र शोधत आला. नेट बंद होतं, तरी पान उघडलं.

पुढच्या महिन्यात आणखी एका घरून बाडं येणार आहेत. दानपत्राच्या मसुद्यात तुमचा प्रश्न आधीच घातला आहे: वेबसाइट आहे का, पत्त्याचं भाडं कोण भरतं, मुदत कधी संपते. मसुदा टपालाने पाठवते आहे. लाल शाईने जे सुचेल ते लिहा.

काकूंनी तुम्हाला जेवायला बोलावलंय.

आपली,
वाचनालयाची ग्रंथपाल