22 डिसेंबरच्या दुपारी अंगणात एक काठी रोवाल का?

पुणे, 30 नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. बाबांचा गुडघा थंडीत पुन्हा धरतो का ते कळवा. आई, तू दिलेली चटणी अजून पुरतेय.

फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून पत्र लिहायला बसले. माझ्या नववीच्या मुलांसाठी तुमच्याकडून एक काम हवं आहे.

लहानपणी खळ्यात मळणी चालायची तेव्हा बाबा तिवड्याच्या, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाच्या, सावलीकडे बघून म्हणायचे, "आता भाकरी येईल." आणि भाकरी यायचीच. मला वाटायचं, सावली सगळ्यात लहान झाली की बारा वाजले. पुस्तकांतही तसंच असायचं, बारा वाजता सूर्य डोक्यावर. पुण्याला आल्यावर, शिक्षिका झाल्यावर, पहिल्यांदा घड्याळ लावून बघितलं, तर ते बारा वाजता होतच नाही. आपलं घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशावर आणि पुणे आहे 74 अंशाच्या जरासं अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य इथं सगळ्यात उंच यायला सरासरी 12 वाजून 34 मिनिटं होतात. तेही दर महिन्याला थोडं पुढं-मागं. आणि बरोबर डोक्यावर तर वर्षातून दोनदाच येतो, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. मे महिन्यात शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं. जूनच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला तर सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. हे कळलं त्या दिवशी मला बाबांची फार आठवण आली. तुम्ही घड्याळ बघत नव्हता, म्हणून तुमचं कधी चुकलं नाही.

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी 23 सप्टेंबरला, दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, मी मुलांना गच्चीवर नेलं. एक मीटरची काठी, तिची दुपारची सगळ्यात छोटी सावली मोजायची. त्या दिवशी सूर्य माथ्यापासून जेवढा कलतो, तेवढाच त्या जागेचा अक्षांश. पुण्याचा 18.5 अंश, म्हणजे सावली साडेतेहेतीस सेंटिमीटर यायला हवी. हे सगळं मी आधीच फळ्यावर लिहिलं. वह्या तपासायला घेतल्या तर चाळीसच्या चाळीस वह्यांत 33.5. एका वहीत खोडरबराच्या खुणेखाली 34.2 दिसत होतं. त्या मुलीनं नीट मोजलं होतं आणि माझ्या फळ्यासाठी ते पुसलं होतं. बाई, माझं चुकलं, असंही ती म्हणाली. मला त्या रात्री झोप लागली नाही. प्रयोगवही गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची ही सवय मुलांना कुठून लागते, असं आम्ही शिक्षकच आपापसांत विचारत असतो. त्या वर्षी ती माझ्याकडून लागली होती.

म्हणून यंदा फळा कोरा ठेवला. आठ गट, आठ काठ्या. आकडे आले 31 पासून 36 पर्यंत आणि एका गटाचा थेट 38. खोडायचं नाही, का आलं ते शोधायचं, एवढंच सांगितलं. त्या गटातल्या एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्यानं दुसऱ्या दिवशी घरून ओळंबा आणला आणि काठीला लावून दाखवला. काठी उत्तरेकडे कलली होती. दोन-अडीच अंश कललं की सावली चार सेंटिमीटर वाढते, हे मग मुलांनीच कागदावर काढून सिद्ध केलं. बाबा, तो मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. त्या दिवशी ओळंब्याचा दोरा धरून तो सगळ्यांना समजावत होता आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

नंतर मुलांना आयुकात, इथल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, घेऊन गेले. तिथं फुकोचा लंबक आहे. पृथ्वी फिरते म्हणून त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू बदलत जाते. ध्रुवावर एक फेरा दिवसभरात होतो, पुण्यात सुमारे 75 तास लागतात, आणि त्याचं कारण तोच 18.5 चा आकडा. गच्चीवर मोजलेला अंश इथं लंबकात भेटला तेव्हा पोरं गप्प झाली. आयुका 1988 साली उभी करणारे जयंत नारळीकर मूळ आपल्या कोल्हापूरचे, 1938 चा जन्म तिथला, हेही सांगितलं. 20 मे 2025 ला ते गेले. शाळेतल्या मुलांसाठी ते किती आपुलकीनं लिहीत आणि बोलत, ते सांगताना माझा आवाज जरा भरून आला.

तर काम असं. पृथ्वीचा घेर मोजायचा आहे. सुमारे 2200 वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिसनं इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावलीवरून तो काढला. त्याला एकाखाली एक, उत्तर-दक्षिण अशी दोन ठिकाणं हवी होती. आपलं गाव पुण्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, नकाशावर सुमारे 200 किलोमीटर. एसटीचा रस्ता वळणं घेतो, तो धरायचा नाही. दोन्हीकडे एकाच दिवशी सावली मोजली की कोनांतला फरक मिळतो, आणि 360 अंशांत तो किती वेळा बसतो ते बघून 200 ला तेवढ्यानं गुणायचं.

22 डिसेंबरला आभाळ बहुधा स्वच्छ असेल. अंगणात जमीन सपाट आहे, तिथं काठी रोवा आणि ओळंबा लावा. टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा आडवा बसवून त्याला खिळ्यानं बारीक भोक पाडा. भोक काठीच्या माथ्यालगत असू दे, आणि जमिनीपासून भोकापर्यंत बरोबर एक मीटर. नुसत्या काठीच्या सावलीचं टोक दीड सेंटिमीटर पुसट असतं, सूर्य ठिपका नाही, थाळी आहे म्हणून. भोकातून मात्र जमिनीवर सूर्याची छोटी गोल प्रतिमा पडते. भोकाच्या बरोबर खालच्या जागेपासून त्या गोलाच्या मधोमध मोजायचं. सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करा. सगळ्यात जवळची खूण ती आपली. अर्धा सेंटिमीटर चुकलं तर घेर साडेतीन-चार हजार किलोमीटरनं हलतो, म्हणून थोडं जपून. बाबांनी वाकायचं नाही, खुर्चीवर बसून वेळ सांगायची. खुणा आई करेल. टोपी घाला.

तुमच्याकडे किती यायला हवी ते मला काढता येतं, पण मी लिहीत नाही.

शेवटचं माप दोघांनी एकमेकांना न सांगता वेगवेगळं घ्या. दीड वाजता मी वर्गातून फोन लावीन, स्पीकर चालू असेल. दोन्ही आकडे सांगा. वेगळे आले तर जुळवू नका, दोन्ही तसेच सांगा.

तुमची लेक