काकू, तुम्ही कॅलेंडर उलटं वाचायला शिकवलंत

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला लागलो की तुम्ही चहाचं आधण ठेवायला आत जाता. तीनदा असं झालं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. तुम्ही काय केलंत ते तुमच्याइतकंच इतरांनाही कळावं, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी सणाला सात आठवडे उरले असताना मी तुमच्याकडे वजनकाटा मागायला आलो होतो. नोकरी जाऊन दोन महिने झाले होते आणि घरी मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. दर सणाला अकरा जणांना मी काही ना काही देतो. त्या वर्षी अकरा भेटी विकत घेणं शक्य नव्हतं आणि रिकाम्या हाताने जायला मन धजत नव्हतं. कामाच्या दिवशी, सकाळच्या अकराला मी घरी कसा, हे तुम्ही विचारलं नाहीत. "कशासाठी हवाय?" एवढंच विचारलंत, आणि मी "घरीच काहीतरी करावं म्हणतो" म्हटल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलंत.

ती दहा मिनिटं माझ्या पक्की लक्षात आहेत. सणाच्या तारखेवर बोट ठेवून तुम्ही मागे मोजत गेलात. बिस्किटं आदल्या दिवशी. चॉकलेट तीन दिवस आधी. संत्र्याच्या सालीच्या पाकवलेल्या काड्या आठवडाभर आधी. सुगंधी मेणबत्त्या दोन आठवडे आधी, कारण सोयाबीनच्या मेणात वास मुरायला तेवढा वेळ लागतो. आणि साबण सहा आठवडे आधी. "म्हणजे साबण या आठवड्यातच," तुम्ही म्हणालात. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे पुढच्या दिवशी करायचं असं काहीतरी होतं.

साबणाच्या बाबतीत तुम्ही किती कडक होतात! चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिडक्या उघड्या. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं तुम्ही माझ्या हातातून काढूनच घेतलंत, कारण कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंत. वजनकाटा कशाला लागतो तेही तेव्हा कळलं. 100 ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे 18 ग्रॅम सोडा लागतो, तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला जेमतेम साडेतेरा. त्यातूनही तुम्ही पाच टक्के सोडा कमी धरायला लावलात, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि वडी अंगाला मऊ लागते. इथे वाटी-चमच्याचा अंदाज चालत नाही. मिश्रण घट्ट होऊन साच्यात ओतलं तेव्हा मला वाटलं, झालं. तुम्ही म्हणालात, दोन दिवसांत साबण होतो, पण द्यायच्या लायकीचा व्हायला महिना-दीड महिना लागतो. पाणी उडून जाऊ दे, वडी कडक होऊ दे. रोज सकाळी मी त्या वड्या उलटत होतो. सकाळी उठायला ते एक कारण पुरायचं.

एका गोष्टीसाठी तर मी जन्मभर ऋणी राहीन. छान बाटल्या आणून त्यात तेल, सोललेला लसूण आणि ताज्या पाल्याच्या काड्या घालून मी ओळीने मांडल्या होत्या. दिसायला फार सुरेख. तुम्ही पाहिल्यात आणि सगळ्या ओतून टाकायला लावल्यात. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मग तुम्ही समजावलंत. लसणाला मातीतले बीजाणू चिकटलेले असू शकतात. तेलाखाली हवा नसते, आंबटपणाही नसतो, आणि नेहमीच्या तापमानाला अशा ठिकाणी बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू वाढून विष तयार करतात. त्याचा वास येईलच असं नाही, चवही कळत नाही. त्याच ओघात तुम्ही विचारलंत की यादीतल्या कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे का. होतं, आठ महिन्यांचं. त्या घरासाठी मी मधात मुरवलेल्या सुक्या मेव्याची बरणी ठरवली होती. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावू नये, कारण तेच बीजाणू मधात असू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या घरी शेवटी संत्र्याच्या काड्या गेल्या. आणि प्रत्येक बरणीवर काय काय घातलंय त्याची चिठ्ठी चिकटवली, अक्रोड आणि बदाम ठळक अक्षरांत.

काड्यांचं काम मला सगळ्यात आवडलं. साली तीनदा गार पाण्यापासून उकळायच्या, दर वेळी पाणी बदलायचं, तेव्हा कडवटपणा उतरतो. मग साखर-पाणी समसमान घेऊन मंद आचेवर, साल काचेसारखी आरपार दिसेपर्यंत. जाळीवर रात्रभर वाळवून साखरेत घोळवायच्या. तुमचं घर आणि माझं घर, दोन्हीकडे दोन दिवस तो वास होता.

चॉकलेटने मात्र रडवलं. पहिली खेप साच्यातून निघाली तीच पांढुरक्या चट्ट्यांची, बोटाला चिकटणारी. मी ती फेकायला निघालो होतो. तुम्ही एक तुकडा तोंडात टाकलात आणि सांगितलंत की चवीला काही झालेलं नाही, फक्त कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधली चरबी, चुकीच्या प्रकारे गोठलंय. ते सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं, आणि चकाकी व कटकन मोडणारा तुकडा त्यातल्या एकाच प्रकारात मिळतो. तो मिळवायचा तर गडद चॉकलेट 45 अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत ढवळत 27 पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा 31 वर आणायचं. तुम्ही थर्मामीटर माझ्या हातात दिलात आणि खुर्चीवर बसून राहिलात. दुसऱ्या खेपेला वाफेचा एक थेंब पडला आणि सगळा गोळा झाला. तरी तुम्ही उठला नाहीत. त्या गोळ्यात गरम दूध घालून आपण दोघांनी ते प्यायलं. तिसरी खेप साच्यातून आपोआप सुटली, आरशासारखी. तुम्ही स्वतः करून दिलं असतंत तर पंधरा मिनिटांत झालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तीन संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी त्या खुर्चीवर घालवल्यात.

वडिलांसाठी विणायला घेतलेला मफलर वेळेत झाला नाही. सुयांवर असतानाच त्यांना दाखवला आणि त्याच वेळी नोकरीचंही सांगून टाकलं. हातात विणकाम असलं की बोलायला सोपं जातं, हे तुम्ही सुरुवातीलाच कधीतरी म्हणाला होतात. ते सहज म्हणाला होतात की मुद्दाम, हे अजून मला ठाऊक नाही. वडिलांनी दोन ओळी स्वतः विणून पाहिल्या. त्या सैल ओळी मी उसवल्या नाहीत. ते मफलर अजून वापरतात.

आता नोकरी आहे, वेळ कमी आहे, पण यंदाही अकरा भेटी घरच्याच आहेत. कॅलेंडरवर मागे मोजून खुणा करून ठेवल्यात. तुम्हाला वासाने डोकं दुखतं, म्हणून साबणाच्या दोन वड्या बिनवासाच्या करणार आहे.

तुमचा वजनकाटा वर्षभर माझ्याकडेच राहिला. रविवारी सोडा तोलून झाला की आणून देतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा