मंत्रिमहोदय, फायबर होतं, हवा नव्हती

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, परवा सकाळी माझ्या मोबाइलवर मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. तेव्हा मी पोलादपूरच्या घरी खाटेवर बसून गुडघा शेकत होतो. पावसाळी हवेत तारा घातलेलं हाड ठणकतं. तक्रार होती हिमाचलच्या लाहौलमधल्या एका गावाकडे जाणाऱ्या सव्वा किलोमीटर काँक्रीटच्या रस्त्याची. त्या काँक्रीटमध्ये फायबर, म्हणजे पोलादी तारेचे बारीक तुकडे, घातले होते. मागच्या सप्टेंबरात आपण स्वतः त्याची फीत कापलीत. फायबरचा रस्ता आहे, वीस वर्षं हात लावावा लागणार नाही, असं आपण म्हणालात तेव्हा मी मंडपामागे, लॅबच्या पत्र्याच्या खोलीशी उभा होतो. त्याला एक हिवाळाही सोसला नाही. जूनमध्ये आपल्याकडून लेखी उत्तर आलं की महिनाभरात चौकशी होईल. गावातल्या लोकांना मी दर आठवड्याला फोन करतो. चौकशीला कोणी फिरकलेलं नाही.

आधीचे दोन अर्ज हिंदीत केले. आता मराठीत लिहितोय, कारण माझ्यासारखी कोकणातली, साताऱ्याकडची कितीतरी पोरं त्या थंडीत रस्त्यांच्या कामावर असतात. त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावं.

मी काँक्रीटच्या लॅबमधला टेक्निशियन. एकवीस वर्षं क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरतोय आणि फोडतोय. म्हणून आधी कामाचं बोलतो.

पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. काँक्रीटच्या बारीक छिद्रांत मुरलेलं पाणीही फुगतं, आणि त्याला सरकायला जागा मिळाली नाही तर ते काँक्रीटच फोडतं. ही जागा आपण मुद्दाम करून ठेवायची असते. मिश्रणात हवा धरणारं औषध घालायचं, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाहीत असे बुडबुडे सगळीकडे पसरतात. दोन बुडबुड्यांमधलं अंतर ०.२ मिलिमीटरच्या आसपास असावं लागतं. ही विद्या नवी नाही. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात काही रस्ते थंडीत टिकले आणि काही फुटले. शोध घेतला तर टिकलेल्या रस्त्यांचं सिमेंट दळताना चरबी वापरली होती आणि तिने हवा धरली होती. आपल्याकडे काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, २००० सालापासून स्पष्ट लिहिलंय की ओल्या जागी गोठणं-वितळणं होत असेल आणि काँक्रीट ताकदीच्या प्रतीत एम ५० पेक्षा खालचं असेल, तर २० मिलिमीटर खडीला हवा ५ टक्के हवी, फार तर एक टक्का इकडेतिकडे. आमचं काँक्रीट एम ४० होतं.

आणि फायबर? फायबर चांगलंच असतं, मी त्याच्या विरोधात नाही. आम्ही घनमीटरला २५ किलो पोलादी फायबर टाकत होतो, दोन्ही टोकांना हुकासारखे आकडे असलेलं. ते भेग रुंदावू देत नाही, फुटलेला तुकडा धरून ठेवतं. पण फुगणाऱ्या पाण्याला ते जागा देत नाही. उलट फायबर पडलं की माल घट्ट होतो, मजूर ओरडतात की माल चालत नाही, आणि कोणीतरी मिक्सरच्या ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतं. जादा पाण्याने जादा छिद्रं होतात आणि थंडीत तीच भरतात. मी तो पाइप तीनदा हातांनी ओढून काढलाय.

हवा मोजायला फार काही लागत नाही. भांड्यात काँक्रीट भरायचं, झाकण आवळायचं, पंप मारायचा, काटा बघायचा. सात-आठ मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी काटा १.८ वर थांबला, दुसऱ्या दिवशी २.१ वर. मी तेच रजिस्टरला लिहिलं. तिसऱ्या दिवशी ते पान नव्हतं. नव्या पानावर सगळीकडे ५.० होतं आणि मला सही करायला सांगितलं. मंत्रिमहोदय, अकरा नोंदींखाली माझी सही आहे. हे मी लपवत नाही. मुलगी बारावीला होती, क्लासची फी भरायची होती. बाराव्या नोंदीला मी नाही म्हटलं आणि मला दुसऱ्या साइटवर पाठवलं.

औषध का टाकलं नाही, याचं उत्तर पैशात नाही. सिमेंटच्या पोत्यामागे ते काही मिलिलीटर लागतं. सव्वा किलोमीटरला लागलेल्या औषधापेक्षा त्या साइटचा महिन्याचा चहा महाग पडला असेल. खरं कारण असं की हवा एक टक्का वाढली की ताकद साधारण पाच टक्के उतरते, आणि बिल निघतं ते २८ दिवसांच्या क्यूबवर. हवा नीट धरायची तर सिमेंट-पाण्याचा हिशेब पुन्हा बसवावा लागतो, चाचणीचे घाणे काढावे लागतात, आठ-दहा दिवस जातात. ते कोण करणार? हवा काढून टाकली की क्यूब पास. क्यूबला हिवाळा बघायचाच नसतो. तो रस्त्याला बघायचा असतो.

लाहौलचा हिवाळा म्हणजे उणे वीस, असं इथल्या लोकांना वाटतं. उणे वीसला तर सगळं गोठून गप्प पडलेलं असतं. घात होतो तो मार्च-एप्रिलमध्ये. दुपारी कडेचं बर्फ वितळून रस्त्यावर येतं, सांध्यांत मुरतं आणि रात्री पुन्हा गोठतं. नव्या साइटवर माझ्या खोलीबाहेर थर्मामीटर टांगलेला होता. मार्चच्या ३१ पैकी २६ दिवस असे निघाले. आणि २०२० साली मनालीकडून येणारा अटल बोगदा सुरू झाल्यापासून त्या खोऱ्यात भर हिवाळ्यातही गाड्या येतात. म्हणजे जखमेवर चाकं आली.

एप्रिलमध्ये सकाळी सातला मी मोटरसायकलवरून त्याच रस्त्याने चाललो होतो. वरचा थर पापुद्र्यांनी सुटला होता, खडी उघडी पडली होती. एका सांध्याच्या कडेला परातीएवढा खड्डा, त्यात पाणी, पाण्यावर बर्फाची काच. मला तो ओला डाग वाटला. पुढचं चाक आत गेलं आणि डाव्या गुडघ्याची वाटी तीन ठिकाणी फुटली. गावातल्या दोघांनी मला फळीवर घालून जीपमध्ये ठेवलं. बोगद्यातून खाली नेताना मी दिवे मोजत होतो, शुद्ध जाऊ नये म्हणून.

ऑपरेशन, औषधं, परतीचा प्रवास मिळून एक लाख ऐंशी हजार गेले. मी कंत्राटी. विमा आहे असं सांगत होते, कागद मागितला तर फोन उचलणं बंद झालं. बायकोने पाटल्या गहाण टाकल्या. चार महिने मला संडासला जाताना मुलाचा खांदा लागत होता. तो सतरा वर्षांचा आहे आणि त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. मुलीचा कॉलेजचा प्रवेश हुकता हुकता राहिला, मामाने पैसे भरले. उकिडवं बसता येत नाही असा टेक्निशियन कोणाला हवा? क्यूब जमिनीवर बसूनच भरावे लागतात.

घरी येतानाही सुटका नव्हती. पनवेलहून जीपने निघालो तो मुंबई-गोवा महामार्गाने. २०११ साली चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा माझी मुलगी अंगणवाडीत जात होती. नागोठणे, कोलाड, माणगाव, प्रत्येक खड्ड्याला प्लास्टरमधला पाय उडत होता आणि मी सीटची कड दातांत धरायची बाकी होती. इथे बर्फ नाही, इथे पावसाचं नाव पुढे करतात. तिकडे थंडी जास्त होती म्हणतात. थंडी आणि पाऊस काय यंदाच आलेत? दर वर्षी येणारी गोष्ट अचानक कशी होते? ज्याने कमी दराने काम घेतलं त्याने काय वगळलं, हे विचारायला टेबलावर कोणी नाही. रजिस्टर भरणारा ठेकेदाराचा नोकर, तपासणारा ठेकेदाराच्या गाडीतून येणारा. मी तोच नोकर होतो, म्हणून सांगतोय.

त्या सव्वा किलोमीटरमधून कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले काँक्रीटचे गोल नमुने, काढा आणि कापून सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुड्यांचं अंतर मोजायला लावा. रजिस्टरमधले ५.० तिथे खोटे ठरतील. कोअर काढताना मला बोलवा, माझ्या अकरा सह्यांचा जबाब मी देईन, शिक्षा असेल ती घेईन. बर्फाच्या मुलखात हवेची चाचणी ठेकेदाराच्या माणसाकडून करून घेऊ नका आणि नुसत्या क्यूबवर बिल काढू नका. आणि तक्रार निकाली निघाली म्हणजे नक्की काय झालं, कोणी कधी जाऊन काय पाहिलं, हे मला दोन ओळींत लेखी कळवा.

पडलो तिथून एक तुकडा गावकऱ्यांनी माझ्या जॅकेटच्या खिशात घातला होता. तळहाताएवढा आहे. फायबरचे सात आकडे बाहेर आलेत, गंजून लाल झालेत, पण एकही तुटलेला नाही. त्यांच्याभोवतीचं काँक्रीट नखाने खरवडलं तरी भुरभुरतं. तो मी जपून ठेवलाय. आपला माणूस येईल तेव्हा त्याच्या हातात देईन.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, पोलादपूर